तुटलेली अकिलीस ‘मोकळी’ करायची नसते

‘अकिलीस तुटली? ऑपरेशन नको, प्लास्टर नको, २१ दिवसांत धावा’ हा मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. अकिलीस म्हणजे पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी दोरीसारखी कंडरा. माझ्या मेहुण्याच्या दुखापतीला पाचवा आठवडा चालू आहे. त्याला तो तीन जणांनी पाठवला आणि तो उपचारासाठी दिलेला, घोटा हलू न देणारा बूट काढून ठेवायच्या बेतात होता, म्हणून हे लिहावं लागलं.

पहिलाच दावा: ‘पाऊल खाली दाबता येतंय, चालता येतंय, म्हणजे तुटलेली नाही.’ साफ चूक. पाऊल खाली दाबायला पोटरीशिवाय घोट्याच्या बाजूने जाणारे आणि बोटं वाकवणारे स्नायूही असतात. त्यामुळे कंडरा पूर्ण तुटलेला माणूससुद्धा लंगडत चालतो आणि मुरगळलंय समजून बर्फ लावत बसतो. पालथं झोपून पावलं पलंगाबाहेर काढायची आणि दुसऱ्याला पोटरी दाबायला सांगायची. चांगलं पाऊल दाबताक्षणी खाली वळतं, तुटलेलं जागचं हलत नाही. टाचेच्या वर २ ते ६ सेंटिमीटरवर बोट खचतं, पण सूज आली की तो खड्डा भरून जातो, म्हणून नुसत्या खड्ड्यावर विसंबू नये. यात महिना गेला तर टोकं लांब सरकतात. मग साधी शिवण पुरेलच असं नाही, कधी पायाच्या अंगठ्याची कंडरा वळवून लावावी लागते.

‘ऑपरेशनशिवाय जुळते’ हे मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करावं लागतं. २०२२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये नॉर्वेतला मोठा अभ्यास आला. त्यात ५२६ जणांचे निष्कर्ष तपासले. वर्षभरानंतर ऑपरेशन केलेले आणि न केलेले यांच्या पायाच्या कामात म्हणण्यासारखा फरक नव्हता. पण ऑपरेशन न केलेल्यांत ६.२ टक्के जणांची कंडरा पुन्हा तुटली, केलेल्यांत ०.६ टक्के. उलट नसेला (मज्जातंतूला) इजा होण्याचं प्रमाण ऑपरेशनवाल्यांत जास्त होतं: छोट्या छेदाच्या पद्धतीत ५.२, उघड्या पद्धतीत २.८ आणि ऑपरेशनविना ०.६ टक्के. म्हणजे दोन्ही वाटा खऱ्या आहेत, निवड डॉक्टरांशी बोलून करायची. पण ऑपरेशन टळलं म्हणून प्लास्टर आणि बूट टळत नाही. मेसेजने नेमकं तेच गाळलंय.

आता सगळ्यात घातक भाग. ‘रोज दोनदा जोरात मालीश, मग पायरीवर चवड्यावर उभं राहून टाच खाली सोडा, आखडलेली शीर मोकळी होईल.’ घोळ ‘शीर’ या शब्दापासूनच आहे. नस, रक्तवाहिनी, कंडरा, सगळ्यांना आपण शीरच म्हणतो. आणि शीर म्हटली की ती आखडलेली असणार, चोळून मोकळी करायची, हे डोक्यात पक्कं बसलंय. तुटलेली कंडरा आखडलेली नसते, सुटलेली असते. टोकं जुन्या दोरखंडासारखी विस्कटलेली असतात. त्यांच्यामध्ये आधी रक्त साकळतं, मग मऊ ऊती येते, मग हळूहळू तंतू बनतात. हा कच्चा जोड ताणला की लांबतो आणि परत आखूड होत नाही. बुटात टाचेखाली पाचरी घालून पाऊल खाली झुकवतात ते टोकं जवळ राहावीत म्हणूनच.

पायरीवर टाच सोडली की अंगाचं वजन थेट या कच्च्या जोडावर येतं. एक तर तो पुन्हा तुटतो, नाहीतर लांबून जुळतो. लांबून जुळणं जास्त फसवं, कारण दुखत नाही. उलट घोटा चांगल्या पायापेक्षाही जास्त वाकतो आणि माणूस खूश होतो. पण इलॅस्टिक सैल पडलं की कंबर धरत नाही, तसं पोटरी आकसते आणि टाच उचलत नाही. जिना चढताना आणि धावताना पाय मागून ढकलतच नाही. ती लांबी व्यायामाने कमी होत नाही. म्हणून पहिले साधारण तीन महिने पोटरी ताणायची नाही. घोटा काटकोनापर्यंत आणायचा, त्यापुढे नाही.

मालीशचा धोका वेगळाच. पाय बांधलेला असताना पोटरीच्या खोल रक्तवाहिन्यांत रक्ताची गुठळी होऊ शकते. पोटरी अचानक सुजली, गरम झाली, आतून दुखायला लागली तर चोळायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट तातडीच्या विभागात.

‘बुटाने पोटरी मरते, तिसऱ्या आठवड्यात काढा.’ पोटरी बारीक होते, हे खरं. पण त्यावर उपाय म्हणजे परवानगी मिळाली की बुटातच वजन टाकत चालणं. पाचरी एकेक करून निघतात, बूट बहुधा आठव्या आठवड्याच्या आसपास सुटतो. रात्री झोपेत उठून अनवाणी निघालं, ओल्या फरशीवर घसरलं, पायरी चुकली, की कंडरा पुन्हा तुटते. म्हणून डॉक्टर सांगेपर्यंत झोपतानाही बूट पायातच. दुसऱ्या पायात तेवढ्याच उंच तळाचा जोडा घालावा, नाहीतर कंबर धरते.

‘कॅल्शियम कमी म्हणून तुटते’ हे सोडूनच द्या, कंडरा म्हणजे हाड नव्हे. औषधांचंच बघायचं तर सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स बघा. कंडरा तुटण्याबद्दलचा ठळक इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००८ मध्येच त्यांच्यावर छापायला लावला.

राहिले २१ दिवस. तेव्हा पाय बुटातच असतो. क्रम असा: बूट सुटल्यावर बसून टाचा उचलणं, मग दोन पायांवर उभं राहून, मग हळूहळू वजन दुखऱ्या पायावर घेत एका पायावर. हलकं धावणं लवकरात लवकर चौथ्या महिन्याच्या आसपास, झटक्याने पळायचे आणि उड्यांचे खेळ नऊ ते बारा महिन्यांनी. टाचा किती वेळा उचलल्या एवढंच मोजू नका, उंचीही मोजा. भिंतीला हात टेकून, गुडघा सरळ ठेवून आधी चांगल्या पायाने टाच उचला आणि ती पोचते तिथे भिंतीवर पेन्सिलने खूण करा. मग दुखऱ्या पायाने उचला. टाच खुणेच्या बरीच खाली थांबत असेल, तर फिजिओला ते अंतर दाखवा आणि तोवर चालण्यावरच राहा.