आतडी बघायला मोत्यांचा सर कशाला?

मेणाच्या व्हीनसचा, म्हणजे शरीररचना शिकवायला अठराव्या शतकात घडवलेल्या बाईच्या पुतळ्याचा, फोटो फिरत फिरत पुन्हा माझ्यासमोर आला. बाई उताणी पडलेली, मान मागे कललेली, खरे केस मोकळे सोडलेले, गळ्यात मोत्यांचा सर. आणि गळ्याखालपासून ओटीपोटापर्यंत उघडी. एकेक थर उचलून बाजूला ठेवायचा; फुप्फुसं, हृदय, आतडी करत शेवटी गर्भाशयातला इवलासा गर्भ. खाली कमेंट्स: ‘काय सुंदर!’

सुंदर आहेच, नाही कोण म्हणतंय? इटलीतल्या क्लेमेंते सुसीनी या मेणशिल्पकाराचा हात होता तो. काळ १७८२ च्या आसपासचा. प्रेत टिकत नसे, म्हणून विच्छेदनं बहुतेक थंडीतच उरकावी लागत. अवयवाचा प्लास्टरचा साचा घेऊन त्यात रंगीत मेण ओतलं की विद्यार्थ्यांना तोच अवयव बारा महिने बघता येई. इथपर्यंत सगळं पटतं. अडतं ते मोत्यांपाशी.

बघणाऱ्याला किळस येऊ नये म्हणून एवढा साज, असं यावर सांगतात. मग पुरुषांच्या पुतळ्यांना माळ का नाही घातली कुणी? १५४३ साली आलेला शरीररचनेचा अभ्यासक व्हेसालियस याचा ग्रंथ उघडा. त्यातले कातडी सोललेले पुरुष टेकड्या, गावं मागे टाकून ऐटीत उभे आहेत. मुखपृष्ठावर मात्र गर्दीच्या मधोमध टेबलावर पोट फाडलेली बाई. पुरुष म्हणजे स्नायू, बाई म्हणजे गर्भाशय, ही वाटणी अडीचशे वर्षं जवळपास तशीच चालली.

आता गंमत बघा. व्हीनसची ही छोटी आवृत्ती, ‘व्हेनेरिना’, इटलीतल्या बोलोन्याच्या पलाझ्झो पोज्जी या संग्रहालयात आहे, आणि त्याच वास्तूत आन्ना मोरांदी मान्झोलिनीचं कामही आहे. आन्ना (१७१४–१७७४) शवविच्छेदन करायची, मेणाचे अवयव घडवायची, विद्यापीठासाठी शिकवायची. नवऱ्याबरोबर घरीच काम सुरू केलं. १७५५ मध्ये तो गेला, हिने काम थांबवलं नाही. डोळा, कान, हात यांचे तिचे नमुने बघाच एकदा. नुसता अवयव नाही, तो काम कसा करतो ते कळतं. पुरुषाच्या जननेंद्रियांचे नमुनेही तिने केले, आणि त्या काळात एका बाईने ते करावेत याचं मला अजून अप्रूप वाटतं.

तिने मेणात स्वतःला घडवलं तेही उंची पोशाखात, नटूनथटून. पण समोर कवटी उघडलेलं डोकं, आणि ती त्यातल्या मेंदूवर काम करतेय. शेजारी नवऱ्याचा पुतळा, त्याच्यापुढे हृदय. मेंदू बाईकडे, हृदय पुरुषाकडे! हे सहज झालं असेल असं मला तरी वाटत नाही.

तरी फोटो फिरतो तो व्हीनसचाच. माझा राग सुसीनीवर नाही, आपल्या नजरेवर आहे. मीही पहिल्यांदा मोतीच पाहिले होते.

व्हेनेरिनाबद्दल एक राहिलं. अलीकडे शरीरशास्त्राच्या अभ्यासकांनी तिचं मेणाचं हृदय बारकाईने तपासलं. जन्मानंतर बंद व्हायला हवी ती रक्तवाहिनी त्यात उघडीच राहिलेली दिसली. असा दोष कुणी मनाने घडवत नाही. म्हणजे साच्यामागे कुणीतरी खरी तरुण मुलगी होती, बहुधा त्याच दोषाने गेलेली. चेहरा सुसीनीने मनासारखा केला, केस लावले, दागिना घातला. हृदय मात्र होतं तसंच उतरवलं. मुलीचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.