टक्के किती पडले?

बारावीपर्यंत मी हुशार होतो. हे माझं नाही, आमच्या अख्ख्या गल्लीचं मत होतं, आणि बार्शीत गल्लीच्या मतावर अपील चालत नाही. मग सीईटी झाली, कॅप राउंडमध्ये पुण्यातलं एक इंजिनिअरिंग कॉलेज लागलं आणि पहिल्याच दिवशी लक्षात आलं, की वर्गात बसलेले सगळेच आपापल्या गल्लीतले हुशार आहेत.

फर्स्ट इयरला काय चाललंय ते कळायच्या आत इनसेम, म्हणजे सेमिस्टरच्या मधली परीक्षा, येऊन ठेपते. तीस मार्कांची. एम-वनमध्ये, म्हणजे मॅथ्सच्या पहिल्या पेपरात, मला तिसातले अकरा पडले. मागच्या पानावरचे मार्क धरायचे राहिलेत का, म्हणून पेपर उलटसुलट करून पाहिला. मागचं पान कोरं होतं. तिथे मीच काही लिहिलं नव्हतं. रूम पार्टनर लातूरचा. त्याला नऊ होते, तरी गडी मेसमध्ये निवांतपणे चौथी पोळी मागत होता. "टेन्शन कशाला घेतो? एटीकेटी आहे ना!" एटीकेटी म्हणजे विषय राहिला तरी पुढच्या वर्षात जायची सोय. सीनियर मंडळी तर केटीबद्दल, म्हणजे राहिलेल्या विषयाबद्दल, अशा मायेनं बोलतात, जणू गावाकडची आत्याच.

मला मात्र झोप लागेना. म्हणून एसजीपीए, म्हणजे सेमिस्टरची दहापैकी सरासरी, काढायला बसलो. ओ ग्रेडला 10 पॉइंट, ए प्लसला 9, असं उतरत उतरत पीला 4 आणि एफला भोपळा. पॉइंट गुणिले विषयाचे क्रेडिट, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. एवढं सोपं गणित एम-वनच्या पेपरात आलं असतं तर ही वेळच आली नसती! लॅपटॉपवर एक्सेल शीट केली. फिजिक्सला पाच क्रेडिट. तिथे ए खोडून बी टाकला, की सगळा आकडा जवळजवळ अर्ध्या पॉइंटनं खाली. परत ए टाकला, जिवात जीव आला. अशा रीतीनं मी कित्येक रात्री न शिकलेल्या विषयांत पास होत होतो. तेवढ्या वेळात फिजिक्सचं एक युनिट झालं असतं, असं पार्टनर म्हणाला. पण नऊवाल्याचं अकरावाल्यानं का ऐकावं?

सगळ्यात जास्त घाम निघाला वर्कशॉपमध्ये, आणि त्याला क्रेडिट एकच. लोखंडाची पट्टी व्हाइसमध्ये आवळायची आणि कानशीनं घासत राहायचं, कडा काटकोनात येईपर्यंत. सर पट्टीला काटकोन तपासायचा गुण्या लावून खिडकीकडे धरायचे. मधून उजेडाची बारीक रेघ दिसली, की पट्टी परत. दुसरी कड सरळ करावी, तर पहिली वाकडी व्हायची. तळहाताला फोड आले, पट्टी मापापेक्षा बारीक झाली, पण शेवटी एकदाचा उजेड बंद झाला. सर "हं" म्हणाले. त्या सेमिस्टरमध्ये कुठल्याही सरांकडून मला मिळालेलं तेवढंच कौतुक.

मग सबमिशन, जर्नलवरच्या सह्या, पंचाहत्तर टक्के अटेंडन्ससाठी विभागप्रमुखांच्या केबिनबाहेरची रांग. शेवटची परीक्षा, एंडसेम, त्या मानानं लवकर उरकली.

रिझल्ट लागला: 6.95. मार्कशीटचा फोटो अण्णांना पाठवला आणि पाठोपाठ त्यांचा फोन आला.

"हे सहा पॉइंट पंचाण्णव म्हणजे शंभरातले?"

"दहातले, अण्णा."

"मग टक्के किती पडले?"

"टक्के नसतात आता. ग्रेड असते."

"अरे, पण सकाळपासून दोघं विचारून गेले, त्यांना काय सांगू? बारावीला ब्याण्णव होते म्हणून पेढे वाटलेत आपण." मग बराच वेळ फोटो मोठा करून बघितल्यासारखी शांतता. "मॅथ्सला पी आहे. पी म्हणजे पास ना?"

"हो." माझा जीव भांड्यात पडला.

"मग वर्कशॉपला शून्य कसं रे पडलं?"

अख्ख्या मार्कशीटवर माझा तेवढा एकच ओ होता. मी समजावून सांगणार, तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "पडणारच! घरात कधी एक खिळा तरी ठोकलाय का त्यानं?"