कोकणातून 'सर' कसं व्हावं

गेल्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. लंडनच्या शूटर्स हिलवरचा तिकोनी मनोरा, पुढे छाती काढून आमचा मावसभाऊ, खाली ओळ: 'लंडनमध्ये आपला सुवर्णदुर्ग! अभिमानाने शेअर करा.' मी खरं काय ते लिहिलं: हा मनोरा आपला किल्ला पाडणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याची आठवण आहे. 'इथे निगेटिव्ह नको' अशी समज मिळाली. बरं, पॉझिटिव्ह लिहितो. मनोरा ज्याच्या स्मरणार्थ आहे त्या विल्यम जेम्ससारखं करिअर तुम्हीही करू शकता.

घराणं नसलं तरी चालतं.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या आरमारात शिरा आणि 1751 पर्यंत त्याचे प्रमुख व्हा.

आता मुख्य गोष्ट. शत्रूला बुडवायला त्याच्याच घरातलं कोणीतरी गाठा. गाठावं तरी कशाला, ते आपणहून येतात. नानासाहेब पेशव्यांचं कोकणातल्या मराठा आरमाराचा प्रमुख तुळाजी आंग्रे याच्याशी फाटलं होतं. तुळाजी काही संत नव्हता, पेशव्यांना जुमानत नव्हता, कबूल. म्हणून घरातलं भांडण मिटवायला इंग्रज? 1755 मध्ये पेशवे आणि इंग्रजांचा करार झाला. जेम्सला वरून हुकूम फक्त नाकेबंदीचा होता. त्याने पाण्याची खोली मोजली, 'प्रोटेक्टर' जहाज किल्ल्याला भिडवलं आणि तोफा डागल्या. सोबतची पेशव्यांची गलबतं? ती लांबून बघत होती. आतलं दारूकोठार उडालं, सुवर्णदुर्ग पडला. पुढच्या फेब्रुवारीत इंग्रज ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह आंग्र्यांच्या विजयदुर्गावर चालून गेले, जेम्सने आधीच टेहळणी करून ठेवलेली. कान्होजींपासून उभं राहिलेलं आंग्र्यांचं आरमार बंदरातल्या बंदरात जळून गेलं. सुमारे 10 लाखांची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली, ज्यांनी बोलावलं त्यांच्या हाती छदाम नाही! विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला तोही बाणकोट इंग्रजांकडे सोडून. आणि तुळाजी उरलेला जन्म आपल्याच कैदेत.

असो. पॉझिटिव्ह.

पैसा झाला की मायदेशी परता; जेम्स 1759 मध्ये परतला. एल्थमला जमीनजुमला घ्या. कंपनीचे संचालक व्हा, पुढे अध्यक्ष. खासदारकीसाठी कॉर्नवॉलमधलं वेस्ट लू बघा, मतदार मूठभर, दारोदार फिरायची दगदग नाही. (1832 च्या सुधारणेत तो मतदारसंघच रद्द झाला, पण तोवर तुमचं काम झालेलं असेल.) 1778 मध्ये बॅरोनेट, म्हणजे नावापुढे 'सर' लावायचा वंशपरंपरागत किताब.

बायको नीट निवडा.

कारण 1783 मध्ये तुम्ही मुलीच्या लग्नाच्या दिवशीच गेलात, तर पुढच्या वर्षी मनोरा बायकोच बांधणार आहे. दारावर दगडात कोरून ठेवणार आहे की 2 एप्रिल 1755 रोजी सुवर्णदुर्ग जिंकणाऱ्या शूर अधिकाऱ्याची ही आठवण.

जिंकणाऱ्या! तुमच्या बापजाद्यांचा किल्ला पाडला म्हणून ती वास्तू उभी आहे, आणि तुम्ही तिच्यापुढे दात काढून उभे राहता? तिथे जायला माझी हरकत नाही, जरूर जा, पण दारावरच्या चार ओळी तरी वाचा. इंग्रजी माध्यमाच्या एवढ्या फिया कशासाठी भरल्या होत्या? हर्णैला दरवर्षी जाता. लिलावात पापलेटचा भाव करता, समोर समुद्रात किल्ला दिसतो, त्याच्याकडे पाठ करून सेल्फी घेता. इंग्रजांना शिव्या देणं सोपं आहे हो. त्यांना पुण्याने बोलावलं होतं, हे बोलताना का दातखीळ बसते?