पत्रं आली म्हणून छळ झालाच नाही?

सध्या एक मजकूर बराच फिरतो आहे, सोबत एका जुन्या पोस्टकार्डाचा फोटो. त्यातलं म्हणणं असं: नाझींच्या छावण्यांतले ज्यू कैदी घरी पत्रं लिहीत, घरूनही त्यांना पत्रं येत, पत्रांत ‘तब्येत ठीक आहे, काम करतोय’ असं असे, म्हणजे त्या साध्या कामाच्या छावण्या होत्या आणि कत्तलीच्या गोष्टी मागाहून रचल्या गेल्या.

पत्रं होती, हे खरं आहे. तेवढ्या खऱ्यावर बाकीचा खोटेपणा उभा केलाय.

आधी ‘ठीक आहे’ या शब्दांचं बघू. १९४४च्या उन्हाळ्यात हंगेरीतून लाखो ज्यूंना आउश्वित्झ या मृत्युछावणीत नेलं. तिथे उतरलेल्या अनेकांकडून पोस्टकार्डं लिहून घेतली. पत्त्यात गावाचं नाव ‘वाल्डझे’, मजकूर ‘आम्ही बरे आहोत, काम मिळालंय’. मागे राहिलेले घाबरू नयेत, पुढच्या गाड्यांत गुपचूप बसावेत, म्हणून हे खोटं नाव पुढे केलं होतं.

याहून भयंकर प्रकार आउश्वित्झच्याच बिर्केनाऊ या भागातला. टेरेझिन या चेक गावातल्या ज्यूंच्या कोंडवाड्यातून सप्टेंबर १९४३मध्ये आणलेल्या कुटुंबांना तिथे वेगळ्या भागात ठेवलं होतं. मार्च १९४४च्या सुरुवातीला त्यांच्याकडून कार्डं लिहून घेतली आणि त्यांवर पुढची, २५ मार्चच्या आसपासची तारीख घालायला लावली. ८ मार्चच्या रात्री त्यांतल्या सुमारे ३,८०० जणांना विषारी वायूने मारलं. कार्डावरची तारीख उजाडली तेव्हा लिहिणारे जिवंत नव्हते. अशा कार्डाचा फोटो दाखवून कोणी ‘बघा, मजेत होते’ म्हणत असेल, तर संताप येतो.

‘टपाल चालू होतं म्हणजे कैद्यांना माणुसकीने वागवत’ हा दुसरा मुद्दा. काही छावण्यांत काही काळ टपाल खरंच चालू होतं. पोलंडमधल्या सोस्नोवित्सची साला गार्नचार्झ ऑक्टोबर १९४०मध्ये गेपर्सडॉर्फच्या छावणीत गेली. बोलावणं तिच्या बहिणीला होतं, ही तिच्याऐवजी गेली. वय सोळा. सांगितलं होतं सहा आठवडे. सुटका झाली पाच वर्षांनी, सात छावण्या पालथ्या घातल्यावर. घरच्यांची आणि मैत्रिणींची साडेतीनशेच्या वर पत्रं तिने या सगळ्यातून लपवून, जिवावर उदार होऊन जपली. आज ती न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत. सेन्सॉरला वाचता यावीत म्हणून पत्रं जर्मनमध्ये लिहावी लागत. जिथे माणुसकीने वागवतात तिथे आईबहिणीची पत्रं लपवावी लागत नाहीत.

‘साधी कामाची छावणी’ म्हणाल, तर सालाच्या छावण्या एसएस या नाझींच्या सशस्त्र संघटनेतला अधिकारी अल्ब्रेख्त श्मेल्ट याच्या यंत्रणेतल्या. राबायचे ज्यू, आणि कंपन्या त्यांच्या कामाचे पैसे मोजायच्या श्मेल्टच्या कार्यालयाला. ज्यांच्या अंगात काम करायची ताकद उरली नाही त्यांना आउश्वित्झला पाठवून मारलं. १९४३च्या ऑगस्टमध्ये सोस्नोवित्स आणि शेजारच्या बेंजिनचे घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्त्या, रिकामे केले, तेव्हा पत्र लिहायला घरी कोणी उरलंच नाही. आणि ट्रेब्लिंकासारख्या ठिकाणी, जिथे आणलेल्या बहुतेकांना काही तासांतच मारलं, तिथून पत्रांचे गठ्ठे कुठून येणार?

सालाला लिहिणाऱ्यांत तिची मैत्रीण आला गेर्टनर होती. तिची पत्रं प्रेमळ, धीर देणारी. व्हायरल मजकुराच्या हिशेबाने तीही ‘मजेत’ ठरेल. पुढे तिला आउश्वित्झला नेलं. तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून बंदुकीची दारू चोरून बाहेर काढणाऱ्या साखळीत ती होती. त्या दारूच्या आधारे ७ ऑक्टोबर १९४४ रोजी प्रेतं जाळायच्या भट्ट्यांवर राबणाऱ्या कैद्यांनी बंड केलं. जानेवारी १९४५मध्ये आलासह चार तरुणींना फाशी दिली. छावणीतली पत्रं पुरावा म्हणून पुढे करायचीच असतील, तर ती लिहिणाऱ्याचं पुढे काय झालं तेही सोबत लिहा.