पहिला काप पुरुषाचा

अख्खा भोपळा बाईने आधी चिरायचा नाही, असा आमच्याकडे दंडक आहे. पहिला काप घरातल्या पुरुषाने द्यायचा, पुढचं बायका बघतात. चिपळूणला आजोबा हे कर्तव्य फार गांभीर्याने पार पाडत. पेपरची घडी घालून उठत, विळीवर भोपळा एकदाच दाबत आणि "झालं गं" म्हणून परत पेपरात शिरत. एकूण काम दहा सेकंदांचं. स्वयंपाकघरात पुरुषाला एवढंच करायचं असेल, तर ते आपल्यालाही जमेल, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

गेल्या ऑक्टोबरात मॅसॅच्युसेट्समध्ये हा माज उतरला.

त्याचं असं झालं, की बायकोने जवळच्या एका शेतावरचा फार्म शेअर घेतला. पैसे आगाऊ भरायचे आणि शेतात जे पिकेल ते दर शनिवारी खोक्यातून आणायचं. काय पिकावं यात आपल्याला मत नाही. जूनमध्ये पालेभाज्या आल्या, आम्ही खूश. ऑगस्टमध्ये झुकिनी आली आणि येतच राहिली. (इथे गमतीने म्हणतात, ऑगस्टमध्ये गाडी कुलूप लावून ठेवा, नाहीतर परत याल तेव्हा मागच्या सीटवर कुणीतरी झुकिनीची पिशवी ठेवून गेलेलं असेल.) ऑक्टोबरातलं पहिलं खोकं उचलताना मात्र माझ्या कमरेतून आवाज आला. आत चार बटरनट स्क्वॉश होते.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: खलबत्त्यातला बत्ता खाऊनपिऊन सुखी झाला तर जसा दिसेल, तसा हा दिसतो. वर जाड मान, खाली पोट, रंग दूध जास्त झालेल्या चहाचा. एकेक तीन पौंडांचा, म्हणजे जवळजवळ दीड किलो.

"पहिला काप तुझा," बायको म्हणाली. एरवी ती रूढी वगैरे मानत नाही.

विळी होती. आईने सामानातून, पात्याला चार पंचे गुंडाळून पाठवलेली. विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात, त्यात भोपळ्याची बाजू पडती असते अशी माझी समजूत होती. मी पाट घेतला, बसलो, आजोबांचं स्मरण केलं आणि दाबलं. पातं इंचभर आत गेलं आणि तिथेच रुतलं. मी भोपळा वर उचलला, तर विळीही बरोबर उचलली गेली. त्या अवस्थेत, म्हणजे हातात भोपळा आणि भोपळ्याला लोंबणारी विळी घेऊन, मी स्वयंपाकघरात उभा होतो आणि बायको व्हिडिओ कॉलवर आईला दाखवत होती. इथे रात्रीचे नऊ, तिथे सकाळचे साडेसहा. आई चहा पीत म्हणाली, "अरे, तो मानेला का धरलायस? कोंबडी आहे का ती?"

पुढे कळलेली रीत अशी: काट्याने चार-पाच भोकं पाडून अख्खा भोपळा दोन-तीन मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा, म्हणजे साल नरमते. मग दोन्ही टोकं उडवायची, मान पोटापासून वेगळी करायची आणि प्रत्येक तुकडा सपाट बाजूवर उभा करून सोलायचा. मान सगळी भरीव गर, बिया फक्त पोटात. हे सगळं होईपर्यंत 'पहिला काप' संपलेला नसतो, असं बायकोचं शास्त्र. ती सोफ्यावरून "झालं का रे?" विचारत होती.

सोलून झालं आणि माझे तळहात आकसायला लागले. लहानपणी शाळेत तळहातावर फेव्हिकॉल वाळवून त्याचा पापुद्रा काढायचो, तसा पापुद्रा दोन्ही हातांवर, वर केशरी रंग. साबणाने जाईना. या भोपळ्याचा चीक काहींच्या हातावर असा वाळून बसतो, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं, गेलो. आई शांतपणे म्हणाली, "फणस काय कोरड्या हाताने फोडतोस? आधी खोबरेल लावायचं." सोमवारी ऑफिसात आदल्या दिवशी हळद लागल्यासारखे हात घेऊन बसलो होतो.

'स्क्वॉश' हा शब्द इथल्या नॅरागान्सेट या मूळ रहिवासी लोकांच्या भाषेतून आला आणि मुळात त्याचा अर्थ कच्चं खाण्याजोगं असा होता, हे वाचलं तेव्हा मी एकटाच हसलो. त्या बिचाऱ्यांना बटरनट माहीत नव्हता. तो 1940च्या दशकात आमच्यापासून तासाभराच्याही आत असलेल्या स्टो गावी चार्ल्स लेगेट नावाच्या गृहस्थांनी तयार केला. पुढे वॉल्थमच्या संशोधन केंद्रात त्याच्यावर आणखी काम झालं, आणि 'वॉल्थम बटरनट' या वाणाला 1970 साली राष्ट्रीय पातळीवरचं बक्षीसही मिळालं. म्हणजे मी भोपळ्याच्या माहेरीच राहायला आलोय. त्याहून वाईट म्हणजे, याची जात कुकुर्बिटा मॉस्काटा. आपल्या लाल भोपळ्याचीही बहुधा तीच. कॉलेजच्या मेसमध्ये चार वर्षं ज्याच्या फोडी मी ताटाच्या कडेला रांगेने लावल्या, तो नाव बदलून माझ्याआधी इथे येऊन बसला होता.

आता रांधणं. पहिला मान सूपला दिला, कारण इथे सगळे तेच करतात. सफरचंद, दालचिनी, जायफळ, वरून क्रीम. बायकोने एक चमचा घेतला आणि विचारलं, "पुरण पातळ झालंय का?" पोळी नसताना पुरण पिण्याची आपल्याकडे पद्धत नाही. शेवटी मोहरी, हिंग आणि दोन सुक्या मिरच्यांची फोडणी ओतली, तेव्हा ते घशाखाली गेलं.

दुसऱ्याचं भरीत केलं, आणि इथे मात्र मी टोपी काढतो. उभे दोन भाग करून 400 फॅरनहाइटला पाऊण तासाहून थोडं जास्त भाजले. गर चमच्याने सुटून आला, ना धागे, ना पाणी. दही, मिरची, दाण्याचं कूट, फोडणी. मेसच्या आचाऱ्याला माफ करावं असं क्षणभर वाटलं.

माफी टिकली नाही, कारण तिसऱ्याचे घारगे करायला घेतले. कीस वाफवला, गूळ घातला, आईला फोन केला. "कणीक किती?" "मावेल तेवढी." हे माप ज्याने काढलं त्याला एकदा भेटायचंय. मी घालत गेलो, ते मावत गेलं. गूळ विरघळला की पीठ पुन्हा सैल, पुन्हा कणीक. साध्या दोन वाट्या किसाचे एकसष्ट घारगे झाले. शेजाऱ्यांना दिले, ऑफिसात नेले, पोस्टमनलाही दिले.

चौथा चपलांच्या रॅकवर आहे. थंड, कोरडी जागा हवी, 10 ते 13 अंश सेल्सिअस, तिथे तो दोन-तीन महिने टिकतो. आमच्या घरात एवढा गारवा फक्त दाराजवळ. आता तिथे त्याच्यासोबत आणखी सात आहेत, कारण शनिवार दर आठवड्याला येतो. पाहुणे बूट काढायला वाकतात आणि दचकतात. आम्ही त्यांना जाताना एकेक देतो. हल्ली पाहुणे कमी झालेत.

परवा आईचा फोन आला. भरीत, घारगे, सगळं अभिमानाने सांगितलं.

"बिया वाळवल्यास ना?"

"नाही गं, टाकल्या."

"आणि सालं? सालांची चटणी केलीस?"

मी गप्प.

ती म्हणाली, "मग भोपळा टाकलास आणि मधलं तेवढं खाल्लंस, असं सांग की."