चाकू जाड कशाला पाहिजे?

घडीचा दणकट चाकू घ्यायचाय, कोणता घेऊ, असं गेल्या काही दिवसांत बऱ्याच जणांनी विचारलं. प्रत्येकाला फोनवर तेच ते सांगून कंटाळा आला, म्हणून इथंच सविस्तर लिहितो. ज्यांना चाकू म्हटलं की भाईगिरी आठवते त्यांनी पुढं सरकावं. हे शेतातल्या चाकूबद्दल आहे.

आधी मत सांगतो. दणकट चाकूची मूठ दणकट पाहिजे, बिजागरी दणकट पाहिजे, लॉक (उघडलेलं पातं मिटू न देणारी अडसर) दणकट पाहिजे. पातं मात्र पातळ पाहिजे. बाजारात हल्ली नेमकं उलटं विकायला लागलेत. पातं कुऱ्हाडीसारखं जाड, आणि लॉक असा की बोटानं दाबला तरी सटकावा.

माझ्याकडचा चाकू साडेतीन इंची पात्याचा. पाठीकडं पातं 4 मिलिमीटर जाड, पोलाद डी2, मूठ जी10 ची, म्हणजे काचतंतू आणि इपॉक्सी दाबून केलेली. वजन असं की नेहरू शर्टाच्या खिशात ठेवला तर शर्ट एका बाजूला झुकतो. आमचे मामा अजून म्हणतात, "कशाला इतकं वजन घालून फिरायलास रे? खुरपं हाय की धुऱ्यावर!" धाकटा अंगणवाडीत होता तेव्हा घेतला, आता तो हायस्कूलला आहे. तेव्हापासून रोज खिशात आहे, त्यामुळं या चाकूचे गुण-अवगुण दोन्ही माहीत झालेत.

सगळ्यात जास्त काम ठिबकचं. औसा तालुक्यात आमच्या शिवारात उन्हाळ्यात खारी आणि उंदीर पाण्यासाठी लॅटरल (पिकाच्या ओळीतली ठिबकची नळी) कुरतडतात. मग कुरतडलेला तुकडा कापायचा, जॉइनर टाकायचा, पुढच्या ओळीला जायचं. 16 मिलिमीटरची नळी कापणं म्हणजे काय मोठं काम, असं वाटतं. पण नळी काटकोनात कापली गेली नाही तर जॉइनर नीट बसत नाही आणि तिथून थेंब थेंब गळत राहतं. जाड पातं नळीत शिरताना तिला आधी चेपतं, चेपलेली नळी सरकते आणि काप तिरका जातो. पातळ पात्याला ही अडचण येत नाही.

खताच्या गोणीचं वेगळंच. गोणीच्या तोंडाची शिवण साखळीटाक्याची असते. बरोबर बाजूचं टोक सोडवून दोरा ओढला की सगळी शिवण सर्रकन उसवते आणि गोणी अख्खी राहते. चाकू लागतच नाही. तरी आमच्याकडं प्रत्येकाला गोणी फाडायचीच हौस, आणि मग सोयाबीन भरायच्या वेळेला "रिकाम्या गोण्या कुठं गेल्या?" म्हणून घरभर ओरडा. असो.

बाकी कामं किरकोळ, पण रोजची. मोटारीच्या चपट्या केबलचं वरचं आवरण सोलायचं (फ्यूज काढून, बटन बंद केल्यावर, स्टार्टरच्या पेटीत चाकू घालणाऱ्या शूरवीरांना दुरूनच नमस्कार). मल्चिंग पेपर कापायचा, सुतळी तोडायची, उसाचं कांडं सोलायचं. चपलेच्या तळात मोडलेला बाभळीचा काटा टोकानं उकरून काढायचा. येळवशीला (वेळ अमावस्येला) शेतात कोपीपुढं बसून भज्जीची भाजी चिरायची. तिथं तर जाड पात्याची पुरती फजिती होते. गाजरात पातं अर्ध्यावर गेलं की गाजर कापलं न जाता कट्‌कन फुटतं. घरातल्या बायका बघून हसल्या आणि स्वतःच्या विळीवर बसल्या. त्यांचं बरोबर होतं.

हे का होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. धार कितीही तिखट असली तरी तिच्यामागचं पातं त्या फटीतून जायला लागतं. धारेच्या लगेच मागं पातं एक मिलिमीटर जाड असेल तर ते पाचरीचं काम करतं, अर्ध्या मिलिमीटरहून कमी असेल तर कापण्याचं. लोक पोलादाचं नाव विचारतात, कडकपणाचा आकडा विचारतात, पण हा आकडा कुणी विचारत नाही. रोजच्या वापरात निम्म्याहून जास्त फरक या एका मापाचा पडतो.

म्हणून मी तो चाकू हळूहळू पातळ करत आणला. हिऱ्याच्या चुऱ्याची प्लेट मिळते, ती पाण्यात भिजवायची आणि संध्याकाळी ओट्यावर बसून दोन्ही बाजू सारख्या घासायच्या. घाई करायची नाही. ग्राइंडरवर हेच काम दहा मिनिटांत होतं, पण पातं तापतं. पोलादावर निळा रंग चढला म्हणजे उष्णता तीनशे अंशांच्या आसपास गेली, आणि तेवढा भाग नरम पडला असं समजायचं. सायकलवर चाक फिरवणारे धारवाले येतात, त्यांच्याकडं विळी-कात्री जरूर द्या, असला चाकू देऊ नका. कोरड्या चाकावर ठिणग्या छान उडतात, पण पातळ धार तिथंच जळते.

आता पोलादाबद्दल. डी2 मुळात साचे आणि डाय बनवायचं पोलाद. त्यात कार्बन दीड टक्का आणि क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपास असतं. आकडा बघून वाटतं की हे गंजणार नाही. पण त्यातलं बरंच क्रोमियम कार्बनला धरून कठीण कण बनवण्यात खर्च होतं, गंज अडवायला थोडंच उरतं. कैरी, चिंच, लिंबू कापून तसाच मिटवून ठेवला की दुसऱ्या दिवशी करडे डाग. पुसून ठेवला तर काही होत नाही. याच कणांमुळं धार खूप दिवस टिकते, आणि याच कणांमुळं साध्या दगडावर ती लवकर लागत नाही.

माळेगावच्या यात्रेत एका घिसाडी बाईंना हा चाकू दाखवला होता. नवरा भट्टीपुढं सांडशीत लोखंड धरून, बाई घण मारायला. त्यांनी पातं नखावर घासून बघितलं आणि म्हणाल्या, "कडक हाय मालक. पर शेतात बसून धार लावता येईल का याला?" मुद्दा एकदम नेमका. त्यांची खुरपी, विळे ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचे. त्यात कार्बन डी2 च्या निम्म्याहून कमी, धार लवकर वळते. पण बांधावरच्या कुठल्याही दगडावर चार हात मारले की परत कामाला तयार, आणि पार गेली तर पाजवून आणायची. खुरप्यासाठी मी कमानपाटाच घेईन, डोळे झाकून. चाकूसाठी मला टिकणारी धार बरी वाटते, कारण मला धार लावत बसायला आवडतं. ही आवड नसेल तर डी2 च्या वाटेला जाऊ नका, साधं स्टेनलेस घ्या.

धारेचा कोन मोजायला यंत्र लागत नाही. कागदाचा काटकोनी कोपरा एकदा दुमडला की 45 अंश, परत दुमडला की साडेबावीस. तेवढी घडी दगडावर ठेवून पातं तिच्याशी जुळवायचं, मग थोडं आणखी खाली झुकवायचं. शेवटी जुन्या कातडी पट्ट्यावर उलटं ओढायचं.

तेलाबद्दल एक धोक्याची सूचना, कारण आपल्या भागात ही गडबड हमखास होते. बिजागरी अडकायला लागली की माणूस स्वयंपाकघरातून करडईचं तेल आणून घालतो. शेजारच्या अण्णांनी घातलं. दोन दिवस चाकू लोण्यासारखा उघडला, महिन्याभरानं असा चिकटला की दोन्ही हातांनी उघडेना. करडई आणि जवस ही वाळणारी तेलं, हवेत राहून घट्ट होतात. म्हणूनच ती रंग आणि वार्निशात वापरली जातात. खोबरेल तेल आपल्याकडं डिसेंबरात थिजतं. शिलाई मशीनचं पातळ तेल घ्या, एकच थेंब, आणि जास्तीचं पुसून टाका, कारण ओल्या तेलावर काळ्या मातीची धूळ बसली की तिचा लेप तयार होतो. मी तर आधी चाकू उघडून साबणपाण्यात जुन्या टूथब्रशनं घासतो, उन्हात वाळवतो, मग तेल. नांगरट चालू असताना आठवड्याला, बाकी वेळी आठवण होईल तेव्हा.

मूठ आणि लॉकचे पैसे मात्र वसूल झाले. एकदा गोठ्यात खोंडाचा पाय दाव्यात अडकला आणि तो पडला. दावं गळ्याला करकचून आवळलं, डोळे बाहेर यायला लागले. एका हातानं मान वर धरायची आणि दुसऱ्यानं कापायचं, अशी वेळ. अंगठ्यानं एका हातात उघडणारा चाकू, घाम आणि शेणानं भरलेल्या तळव्यातही न सटकणारी मूठ, आणि झटापटीत बोटांवर न मिटणारं पातं, हे तिन्ही तेव्हा लागलं. दावं सुती होतं, दोन ओढीत तुटलं.

आमच्या एका मित्राकडं फ्रान्सचा ओपिनेल आहे, आठ नंबरचा. ही कंपनी 1890 पासूनची, आणि पातं जागेवर धरणारी तिची फिरती कडी 1955 ची. पातं सुरेख पातळ, कापायला माझ्या चाकूला केव्हाच मागं टाकतं. पण मूठ लाकडी. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पातं बाहेर यायला तयार होत नाही. त्यात तो उघडायला दोन हात लागतात, मग कडी फिरवायची. घरात, सहलीला उत्तम. खोंडाच्या प्रसंगात मात्र उपयोग नव्हता.

कायद्याचंही सांगून टाकतो. शस्त्र नियमांत परवान्याची अट 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांना आहे, आणि त्यातूनही घरगुती व शेतीची अवजारं वगळलेली आहेत. त्यामुळं साडेतीन इंची चाकू बाळगला म्हणजे गुन्हा केला असं नाही. पण सणवार, निवडणुका, मोर्चे आले की महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली जिल्ह्यात आदेश निघतात आणि त्यात शस्त्रं बाळगायला बंदी असते. त्या दिवसांत, आणि एरवीही तालुक्याला, कोर्टात, सभेला जाताना मी चाकू आखाड्यावरच (शेतातल्या घरी) ठेवतो. चाकू हातात घेऊन रील काढणाऱ्या पोरांना तर काय सांगायचं! त्यांच्यामुळं आमच्यासारख्यांना बसस्टँडवर साधा मोसंबी सोलायचा चाकू काढायची चोरी झालीय.

आणि लॉकवर भरवसा ठेवायलाही हद्द आहे. टोक रुतवून जोर देताना कुठलाही घडीचा चाकू मिटू शकतो, मग तो कितीही महागाचा असो. डबा उचकटायला, खिळा काढायला तो वापरायचा नाही, त्यासाठी पेचकस आणि पकड आहेत. जाड पातं घेणारे बहुतेक याच कामांसाठी घेतात, आणि मग टोक मोडलं की पोलादाला शिव्या देतात.

माझ्या चाकूच्या लॉकची पट्टी, म्हणजे मुठीतली पात्याच्या बुडाला अडवणारी पट्टी, झिजत झिजत आता पात्याच्या पार पलीकडच्या कडेला गेलीय. ती समोरच्या पट्टीला टेकली की हा शेतातून रिटायर, घरी लिंबं कापत बसेल. पुढचा घेईन तो एवढ्याच जाड मुठीचा, एका हातानं उघडणारा, पण पातं पाठीकडं अडीच मिलिमीटरच्या वर नको. असा कुणाच्या वापरात असेल तर कमेंटमध्ये सांगा. फोटो नकोत, धारेमागची जाडी कॅलिपरनं मोजून सांगा.