धरण फुटल्याचा व्हिडिओ आणि आपली वाचनालये

आज सकाळी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राधानगरी धरण फुटल्याचा व्हिडिओ पडला आणि शेजारच्या काकूंनी धान्याचे डबे माळ्यावर चढवायला घेतले. २०१९ आणि २०२१ चे महापूर सोसलेल्या कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत अशा व्हिडिओला कोणी हसत नाही. पाठवणाऱ्याने मात्र 'आला तसा पाठवला' एवढे लिहून हात झटकले. संताप येतो तो याच वाक्याचा.

राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की ते आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक विसर्ग होतो. कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेल्या या व्हिडिओतल्या धरणाला दरवाजेच नव्हते! पण डबे उचलणाऱ्या काकूंना हे सांगणार कोण? केंद्र सरकारचा फॅक्ट चेक विभाग केंद्राच्या कारभाराविषयीचे दावे तपासतो. आमच्या गल्लीतली घबराट त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

हे काम वाचनालयाचे आहे, असे माझे ठाम मत आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून या शहरात उभे आहे आणि पेठापेठांतून लहान वाचनालये आहेत. तिथल्या ग्रंथपालाला माणसे नावाने ओळखतात, त्याच्यावर विश्वास ठेवतात. त्याच्या टेबलावर एक संगणक असावा. जुन्या वृत्तपत्रांच्या फायली स्कॅन करून त्यांतला मजकूर शोधता येईल असा करणे, ध्वनिफीत ऐकून तिचा मजकूर उतरवून देणे, छायाचित्र पूर्वी कुठे प्रसिद्ध झाले होते ते शोधणे, ही कामे आज यंत्र करू शकते. यंत्र स्वतःही बेधडक खोटे संदर्भ रचते, हे खरे. म्हणूनच त्याने दिलेले उत्तर मूळ पानाशी ताडून पाहणारा माणूस शेजारी हवा. शिवाय आजच रचलेल्या व्हिडिओची जुनी प्रत कुठेच सापडत नाही, तेव्हा यंत्राचा शोध तिथेच थांबतो. मग पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची आजची पातळी काय, इशारा ३९ फुटांना आणि धोका ४३ फुटांना असतो, ही माहिती जिल्हा प्रशासनाच्या पत्रकातून घ्यायची असते, हे काकूंना शिकवावे लागेल. साक्षरता म्हणतात ती हीच.

ग्रंथपालांना मिळणारे तुटपुंजे मानधन पाहता त्यांच्यावर आणखी भार टाकणे अन्यायाचे आहे, हे मान्य. तरीही २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार केले, हे आठवले की सबबी ऐकवत नाहीत.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. ज्याने व्हिडिओ टाकला त्याच्याही घरात दोन्ही वेळा पाणी शिरले होते. भीतीपोटीच त्याने बटण दाबले असणार. त्याला गटातून काढून टाकण्याची मागणी करणाऱ्यांनी त्याला हात धरून वाचनालयात न्यावे.

वाचनालयांच्या संचालक मंडळांवर असलेल्या मित्रांनो, येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्या. पावसाळ्यात वृत्तपत्रांच्या स्टँडजवळ एक फळा लावा, त्यावर बंधाऱ्याची पातळी आणि राधानगरीचे किती दरवाजे उघडले ते रोज लिहा, आणि शंका आलेला व्हिडिओ दाखवायला येणाऱ्या माणसाकडून सभासद वर्गणीची पावती मागू नका.